रविवारची सी

(दुपार. बल्गेरियातलं रूसे. गॅरेज बंद करून घरी बसलेला स्तामेन कॉम्प्युटरसमोर 'सी' ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. रॉटरडॅमला नोकरी करणारी मुलगी रालित्सा व्हिडिओ कॉलवर; त्याचा स्क्रीन तिला दिसतोय.)

रालित्सा : परत तेच, बाबा! हे अक्षर आपल्या सिरिलिक लिपीतलं आहे. दिसतं इंग्रजीसारखंच, पण मशीनला नाही चालत. आधी कीबोर्ड इंग्रजीवर करा म्हणून किती वेळा सांगू?

स्तामेन : मशीनला काय धाड भरलीय? मला तर दोन्ही एकच दिसतात.

रालित्सा : त्यापेक्षा सीचा नाद सोडा आणि सोपी सी-शार्प शिका.

स्तामेन : आणि ते दोन अधिकवालं?

रालित्सा : सी प्लस प्लस? तो सीचाच वाढवलेला पसारा, त्यात हरवाल. सीमध्ये मेमरी आपण मागून घ्यायची, काम झालं की आठवणीनं परत करायची. सी-शार्प स्वतःच आवरतं.

स्तामेन : आवरतं म्हणजे?

रालित्सा : प्रोग्राममध्ये ज्याला कुणीच धरून ठेवलेलं नाही, ते टाकून देतं.

स्तामेन : न विचारता?

रालित्सा : न विचारता.

स्तामेन : मग नको बाई. तुझ्या खोलीतली टाचणीसुद्धा मी हलवलेली नाही.

रालित्सा : कुठून कुठे जाता हो! हे बघा, तुमच्या चौकातच एक क्लास आहे. नाव घालते. नाताळपर्यंत माझी गरजच लागणार नाही.

स्तामेन : मिरच्या आणल्यात. लाल, लांबड्या. उद्या भाजतो.

रालित्सा : एकट्यासाठी ल्युतेनित्साची चटणी किती करणार?

स्तामेन : तुझी आई करायची तेवढी. मला दुसरं माप येत नाही.

रालित्सा : इथे कुठूनच तो वास येत नाही, बाबा. फार आठवण येते. पण यंदा रजा नाही... थांबा, ती खालची फाइल उघडा. ही कुणी लिहिली?

स्तामेन : कुठली? ती होय... असंच काहीतरी.

रालित्सा : चालवा. अहो, झकास चालतेय! कीबोर्डसुद्धा बरोबर. मग आज मुद्दाम चुकलात?

स्तामेन : जमलं म्हटलं असतं, तर तू रविवारी फोन कशाला केला असतास?

रालित्सा : बाबा...

स्तामेन : रडू नकोस, पोरी. घाल क्लासला नाव. जाईन मी.

रालित्सा : क्लास गेला खड्ड्यात. पुढच्या रविवारी सी प्लस प्लस सुरू करू.

स्तामेन : अवघड आहे म्हणालीस ना?

रालित्सा : खूप. वर्षं जातील.

स्तामेन : जाऊ देत. मला कुठे घाई आहे?