मशीन चालू आहे तोवर

अहो, थांबा, एवढ्या मोठ्याने नाही! पाय पेडलवर येऊ दे, मशीन सुरू होऊ दे — हां, आता. पण तुम्ही नकाच बोलू, मीच बोलते, तुमचा उच्चार लगेच कळतो परदेशी म्हणून. कोटाचं अस्तर निम्मं उसवलंय, तेवढं शिवून होईपर्यंत वेळ आहे आपल्याला. या दुकानाची रीतच आहे — मशीन चालू तेव्हा मनातलं, मशीन बंद तेव्हा जनातलं. भिंतीला कान असतात म्हणतात ना, इथे तर भिंतसुद्धा नाही, नुसतं प्लायवूड आहे, आणि पलीकडे माझे भावजी सैन्याचे गणवेश बेततात. धाकटे दीर माझे, वस्तीच्या समितीवर आहेत. ऐकताय ना कात्री? करकर, करकर. ती चालू आहे तोवर सगळं ठीक.

तर काय विचारत होतात — आमच्या देशाने ही लढाई काढली, ती चूक असं तुम्ही बाहेरच्यांनी लिहावं का? आता मी काय — आई गं, दोरा तुटला — छे हो साहेब, मुळीच लिहू नये! बाहेरच्यांनी आमच्या घरात नाक खुपसूच नये! उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातंय! — हं, ओवला. मनावर घेऊ नका, ते पलीकडच्यांसाठी होतं. म्हणजे, अर्धं माझंही होतं म्हणा. मागे तुमच्यासारख्याच एकाने छापलं, की इथल्या बायका लढाईवर नाराज आहेत. त्याला तिकडे शाबासकी मिळाली असेल, इथे आम्हा सगळ्यांना समितीपुढे उभं केलं — बोला, नाराज कोण? कोपऱ्यावरच्या पाववालीने तेव्हापासून दुकान उघडलेलं नाही. शिंकता तुम्ही, सर्दी आम्हाला. पण तुम्हीही गप्प बसलात तर बोलायचं कोणी? आम्ही? आम्ही तर मशीनच्या आडून बोलणारी माणसं.

भावजींच्या मुलाला आणि माझ्या मुलाला बोलावणं एकदमच आलं. त्यांचा गेला. माझाही — गेला. गेलाच की. काय? वर काय वाजलं? काही नाही, माळ्यावर कापडाचे तागे आहेत, उंदीर झालेत — असे बघू नका हो. उंदीर खोकत नाहीत, ठाऊक आहे मला.

ऐकलंतच ना? मग आता पाया पडते तुमच्या, हे तेवढं लिहू नका. लढाईविरुद्ध लिहा, हवं तेवढं ओरडा, पण शिंपीण म्हणू नका, माळा म्हणू नका. कापडाच्या धुळीने खोकला होतो त्याला, लहानपणापासूनचा. उबळ यायला लागली की तो वरून एकदा ठक करतो आणि मी मशीन पळवते — शिवायला काही नसलं तर चिंध्यांवर टिपा मारते. भीती वाटते हो मला, फार भीती वाटते. सैन्याची नाही तेवढी भावजींची. त्यांच्या पोराचा काही निरोप नाही. रोज विचारतात, "वहिनी, तुमच्याकडे काही आलं का?" आणि मी म्हणते, नाही हो भावजी, तुमचं-माझं दुःख एकच. एकच! वर जेवणाचं ताट ठेवून आलेली असते मी, आणि त्यांच्यासमोर डोळ्यांना पदर लावते. ते बिचारे मलाच धीर देतात. कोणत्या तोंडाने सांगू त्यांना, की भावजी, तुमचा गेला पण माझा गेलाच नाही, माझा इथेच आहे, तुमच्या डोक्यावर —

अगं बाई. पाय. पेडलवरून पाय कधी उचलला मी?

घ्या. घ्या तुमचा कोट. राहू दे अर्धं अस्तर, आत टाचणी आहे, सांभाळा. परक्यांनी आमच्या घरात नाक — जा हो, जा तुम्ही, मागे बघू नका.

भावजी? ... कात्री का थांबवलीत, भावजी?