दोन डोक्यांचं कार्ड

कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जळल्यानं मी शूटिंग केलेल्या वरंध गावच्या लग्नाची सीडी अडली होती आणि नवरीचा बाप रोज दारात, म्हणून मी नि बायको पोलादपूरहून महाडला नवं कार्ड आणायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "हे खरं तर गेम खेळणाऱ्यांसाठी आहे. दोन प्रोसेसर, डीडीआर थ्री मेमरी एक जीबी. पण धरायची अर्धीच."

"अर्धी का?"

"प्रत्येक प्रोसेसरच्या वाट्याला अर्धी, आणि दोघांनाही तेच लक्षात ठेवावं लागतं."

बायको म्हणाली, "डोकी दोन आणि लक्षात एकच? मग दुसरं कशाला?"

मलाही कळंना, तरी पिशवीत घालून घेतलं. एसटीत पिशवी वरच्या फळीवर टाकली नि त्या दोन डोक्यांवरच वाद घालत पोलादपूरला उतरलो. गाडी पुढं गेली.

"कार्ड द्या," बायको म्हणाली.

"तुझ्याकडं हाय ना?"

"नाय, तुमच्याकडं."

तेव्हा कुठं मला दुकानदाराचं बोलणं कळलं. दोघांच्याही लक्षात तेच होतं, की पिशवी दुसऱ्यानं घेतलीय.