डावी बाजू

स्कूटरचं पंक्चर निघेपर्यंत ती गॅरेजच्या बाकावर बसली होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मोटरसायकलला चढवायचं फेअरिंग, म्हणजे प्लास्टिकचं कवच, मांडीवर घेऊन बसले होते.

“काका, हे दुसऱ्या मॉडेलचं आहे,” मिस्त्री त्यांना म्हणाला. “ वळताना हँडल अडकेल.”

“अडकू दे. तू बसव.”

“पोरगा आपटला की मला शिव्या घालाल.”

“आपटूनच अंथरुणाला खिळलाय. रोज विचारतो, बाबा, फेअरिंग बसलं का?”

“मग गाडी चालवणार कोण?”

“कोणी नाही. त्याच्या खिडकीसमोर उभी करायची.”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

“खिडकीतून कुठली बाजू दिसते?”

“डावी.”

“ती चोख बसवतो.”

“बसव. आणि गाडी सोडायला येशील तेव्हा हँडलचं बोलू नकोस. बरं झाल्यावर कुठे कुठे जायचं, ते त्याने ठरवून ठेवलंय.”