पुलावरचा शिंगाड्या

साल लिही आधी. दोन हजार सहा, चैत्र सरायला चार दिवस, गावचा सोंगांचा बोहाडा उठून आठवडा झालेला — असं वर लिही, मग खाली काय खोडायचं ते सांगतो. हसू नको, हरेश. चाळीस पानांची खेळाची वही, आणि तारीख एका पानावर नाय. आमच्या सोंगांच्या पेटीवर सुद्धा साल घातलेलं आहे. — वाचून कोणी दाखवली? शेजारच्या लडकूनं. मला अक्षर लागत नाय, त्याला लागतं. ट्रॅक्टर चालवतो म्हणून काय झालं? चोरून कशाला? गेल्या रविवारी तूच वही ओट्यावर विसरलास. माझ्या ओट्यावर राहिलेली वस्तू मी बघणार.

एकतिसावं पान काढ. पुलाचं. काय लिहिलंयस? ‘पुलावर वैदीण मरते. राजपुत्र रडतो आणि किल्ल्याकडे निघतो.’ मरते म्हणजे? तिला विचारलंस? नाय विचारलंस. राजपुत्राला रडवायला बाई मारायची — आणि तो राजपुत्र कोण, तर लडकू. बैल मेला तेव्हा रडला नाय तो.

तूच आणलास ना हा खेळ, ठाण्याच्या तुझ्या कंपनीतून? ना पट, ना सोंगट्या. तू सांगणार समोर काय आहे, आमी सांगणार आमी काय करतो, आणि अडलं की तो वीस तोंडांचा लाल फासा टाकायचा. मी पहिल्याच दिवशी बोललो, हे तर सोंगच, फक्त मुखवटा नाय. तू विचारलंस, बाबा, तुमी कोण होणार? मी बोललो, राक्षस, नाव शिंगाड्या. आमच्या घरात दुसरं कोण होतंय? बोहाड्यात म्हैसासुराचा मान आमचा. माझ्या बापानं घेतला, मग मी — तेहेतीस वर्षं. आणि मग लडकू बोलला, मी तलवार काढतो. मी काय केलं? आडवा झालो. ह्याच ओट्यावर, जीभ बाहेर काढून. तुमी सगळे बघतच राहिलात. लडकू ओरडतो, बाबा, फासा टाका, फासा! कशाला टाकू? समोरून तलवार आली की म्हैसासुरानं पडायचं, एवढंच मला ठाऊक. तेव्हा तू बोललास, बाबा, इथं मरायचं की नाय ते तुमी ठरवा. मी उठून बसलो. तसं मला कोणी विचारलं नव्हतं रे. घरात नाय, शेतात नाय, बोहाड्यात तर नायच नाय.

म्हणून सांगतो, आता ते तू काढून घेऊ नको.

— गोष्ट बिघडते? कशी बिघडते? बोहाड्यात म्हैसासूर मरणार हे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. तरी माणसं पहाटेपर्यंत बसतात. का बसतात? तो मरणार कधी, ते माझ्या हातात असतं म्हणून. एका साली मी देवीला पाऊण तास नाचवलं. देवी घेणारा विठू मुखवट्याआडून धापा टाकतोय — ‘मर ना यमाजी आता, पाय राहिले नाय माझे.’ मी बोललो, मरतो, घाई काय आहे? त्या सालच्या बोहाड्याची आठवण अजून काढतात लोक.

आणि नुसतं मोकळं सोडूनही चालत नाय, ते तू गेल्या रविवारी बघितलंस. ‘बाजार आहे, काय करायचं ते करा’ बोललास. लडकूनं काय केलं? तीन तास घोड्याचा भाव केला. घोडा घेतलाही नाय. शेवटी दात बघितले आणि परत आला. राज्य राहिलं बाजूला, आमच्या मांड्या गेल्या बधिर होऊन. खाचराला चारी बाजूंनी बांध घालतात ना? नाय घातला तर पाणी ठरत नाय. पण एका जागी तोंड ठेवतात. नाय ठेवलं तर पाणी बांध घेऊन जातं. शेतकऱ्याचा पोर तू, हे मी सांगायचं? पूल ठेव. पूर ठेव. मागून घोडेस्वार येतायत, ठेव. एकानं मागं थांबल्याशिवाय बाकीचे सुटत नाय, तेही ठेव — ते चांगलं लिहिलंयस. कोण थांबतो, तेवढं खोड.

— मला काय पडलंय? खेळ नीट व्हावा, दुसरं काय. — नाय, दुसरं काय नाय.

बघ हरेश, वैदीण म्हणजे छाया. माझी सून. चौथा गडी मिळेना म्हणून तू तिला बोलावलंस, तेव्हा मीच बोललो होतो, सुनेनं सासऱ्यापुढं फासे टाकायचे? आता ऐक. घरात ती माझ्याशी बोलत नाय, भिंतीशी बोलते. ‘चहा ठेवलाय’ — भिंतीला. ‘मीठ संपलंय’ — भिंतीला. मीही तसाच, ‘कोणीतरी पाणी द्या’ म्हणतो. घरात दोघंच, गणू माझा भिवंडीला गोदामात, महिन्यानं येतो. मग कोणीतरी म्हणजे कोण? पण खेळात — ‘ए शिंगाड्या, मागं सर! ए शिंगाड्या, ढाल धर!’ तू बघितलंस. आवाज केवढा बाईचा. मला ठाऊकच नव्हतं तिला आवाज आहे ते.

आणि पावसाळ्यात, त्या विहिरीत मी अडकलो खेळात, तेव्हा तिनंच काढला मला. फासा टाकला, तीनच पडले, आणि तू तिच्या कागदावर लिहिलंस — एक डोळा गेला. ती उठली, भात बघायला आत गेली. ते देणं माझ्यावर आहे अजून. राक्षस झालो म्हणून काय ठेवून घ्यायचं?

— तेवढंच. — बोललो ना, तेवढंच.

आता तू असा बघत बसलास तर सांगतो. मागच्या साली मी बांधावरून घसरलो, मांडीचं हाड गेलं. त्याच दिवशी शहापूरला तिचं अंगणवाडीचं बोलावणं होतं. इस्त्रीची साडी नेसून दारात उभी होती. गेली नाय. साडीचा पदर खोचला आणि मला उचलायला आली. जागा दुसरीला मिळाली. सव्वा महिना तिनं माझं सगळं केलं, सगळं म्हणजे सगळं. मी काय बोललो? भाकरी करपली बोललो. एकदा नाय, तीनदा बोललो. करपली नव्हती.

आता परत बोलावणं आलंय. परवा, मंगळवारी. काल भिंतीला सांगत होती, जात नाय, मागं भाकरी कोण करील? मी ऐकलं. भिंत काय बोलणार? मीही बोललो नाय. मला नाय येत रे तसं बोलायला. राक्षसाला येतं. म्हणून ते पान खोड.

खोडलंस? दाखव. पेन्सिलीनं नको, पेनानं. हां.

आला लडकू. चपला खाली काढ. घोड्याचं नाव काढलंस तर बघ. आत सांग, खेळ सुरू होतोय म्हणावं. — बसले सगळे? सांग, हरेश.

पूल. बरं. पूर आलाय. बरं. घोडेस्वार किती? वीस. असू दे. एकाला थांबायला लागणार — ऐकलं, बहिरा नाय मी. लडकू, तू निघ, तुझं राज्य पुढं आहे. मी थांबतो. — ठरवलं माझं. — नाय, फासा नको. ठेव तो खाली. फाशात जगायची वाट निघाली तर? जरा सरा सगळे, आडवं व्हायला जागा करा. मांडी सांभाळून पडावं लागतं हल्ली.

थांब, मरायच्या आधी राक्षस हाक मारतो. ए एकडोळे! इकडं बघ, भिंतीकडं नको. तुझ्या डोळ्याचं मी विसरलो नाय. आता मागं वळायचं नाय, पुलापलीकडं जायचं. — काय? शिंगाड्याची भाकरी कोण करील?

मेलेल्याला भाकरी लागत नाय. आणि तुझी कधी करपली नव्हती. मंगळवारी, सकाळी सातची एष्टी, किन्हवलीच्या नाक्यावरून. ती साडी नेस. जा.

पूल पाड, हरेश. फिटलं.