पेवातली हवा

चैत्रा : अजून किती वेळ लागेल?

फकीरप्पा : उद्या सकाळी या.

चैत्रा : उद्या? अज्जा, मी रात्रभर प्रवास करून बंगळुरूहून आलेय. गाडी उभी आहे. दुपारच्या आत आणखी दोन गावं बघायची आहेत मला.

नीलव्वा : माझ्या सासऱ्यांचं मनावर घेऊ नका, मॅडम. ह्यांच्या आज्यापासूनचा नियम आहे तो. जमिनीतल्या धान्याच्या पेवाच्या तोंडावरची फरशी काढली की एक दिवस अन् एक रात्र थांबायचं. माझ्या पंख्यानं अर्ध्या तासात काम होतं. फिरवतेच आहे ना.

फकीरप्पा : लोहाराच्या भट्टीचा पंखा हाय त्यो. त्यानं कोळसा फुलतो. पी हळद आन् हो गोरी, असं पेवाचं नसतंय.

चैत्रा : थांबा, तुम्ही आमच्या निधीकडे केलेल्या अर्जाशी ताडून बघते. ‘हातपंखा आणि नळी’. म्हणजे ही नळी?

नीलव्वा : हीच. पेव भरतानाच मधोमध उभी केली, थेट तळापर्यंत. वरच्या टोकाला पंखा जोडायचा अन् मूठ फिरवायची. ताजी हवा खाली जाते, नासकी वर ढकलली जाते. वीज नको, डिझेल नको.

चैत्रा : नासकी हवा कशामुळे? धान्य सडतं म्हणून?

नीलव्वा : सडत नाही म्हणूनच की! ज्वारीत जीव असतो, मॅडम. ती आत बसून श्वास घेते. वर फरशी, फरशीवर चिखल, नवी हवा यायची कुठून? आहे ती सगळी तीच संपवते. मग किडा गुदमरून मरतो अन् ज्वारी वर्षानुवर्षं टिकते. पण हवा नसली की किड्याला काय अन् माणसाला काय.

फकीरप्पा : ओ अव्वा, वाकू नका तिथं. मागं सरका.

चैत्रा : फोटो काढतेय फक्त. ज्वारी बाहेर येतानाचा एक फोटो लागतो. कुणी पटकन उतरून दोन टोपल्या वर दिल्या, तर माझं काम होईल.

फकीरप्पा : न्हाई.

नीलव्वा : मामा, कंदील सोडून बघा की.

फकीरप्पा : सोडलाय कवाचा. पुरुषभर खाली गेला आन् विझला.

चैत्रा : वाऱ्यानं विझला असेल.

फकीरप्पा : खाली कुठला वारा, अव्वा?

नीलव्वा : फिरवते अजून. तुम्ही विचारा, मॅडम, तुमचं काय ते. हात चालतोय तोवर तोंडही चालेल माझं.

चैत्रा : बरं. धान्य किती आहे आत?

नीलव्वा : बारा पोती. पंचवीस मावतात, पण यंदा निम्मंच भरलं.

चैत्रा : आमच्याकडे पत्र्याच्या कोठ्यांचीही योजना आहे. कोठीत उतरावं लागत नाही. खालून झडप उघडली की धान्य बाहेर. ती का नको?

नीलव्वा : बारा पोत्यांची कोठी घरात ठेवली, तर मामांना अन् मला बाहेर झोपावं लागेल. बाहेर ठेवली तर उन्हात तापते, रात्री आतून तिला घाम येतो, ज्वारीला बुरशी धरते. पेव बघा, दारापुढं, जमिनीच्या पोटात. जागा खात नाही. चोराला उचलून नेता येत नाही.

फकीरप्पा : आन् फुकट. बापानं खणलं, म्या वापरलं.

नीलव्वा : मार्चात सगळं गाव एकदम विकायला काढतं, तेव्हा भाव पार मातीत जातो. पेव असलं की दसऱ्यापर्यंत दम धरता येतो. आम्हा दोन-दोन एकरवाल्यांना तेवढाच एक आधार आहे. आता दिवाळीच्या आत गावातली चाळीस पेवं उघडणार. तुमची समिती शनिवारी बसणार असं कळवलंत, म्हणून मी धावपळ केली. सहा पंखे अन् चाळीस नळ्या, यंदा वरून ज्वारीपर्यंत सोडायला अन् पुढं भरताना घालायला. दुसरं काही मागितलेलं नाही.

चैत्रा : हो, ते दिसतंय. मागणी अगदी लहान आहे. आता मुख्य रकाना. ‘उपायामुळे धान्याचं नुकसान किती कमी झालं?’ पूर्वी शंभरात किती जायचं?

नीलव्वा : दोन. फार तर अडीच.

चैत्रा : आणि नळी घातल्यावर?

नीलव्वा : कमी.

चैत्रा : म्हणजे किती?

नीलव्वा : एक लिहा. एक.

फकीरप्पा : खोटं कशाला बोलतीस गं?

नीलव्वा : मामा!

फकीरप्पा : मागल्या महिन्यात हनमव्वाचं पेव हिनंच उघडलं ह्या पंख्यानं. नळीच्या भवती वीतभर ज्वारी किड्यानं पोखरलेली. शंभरात चार गेले. आमी डोळ्यांनी बघितलं.

नीलव्वा : झालं समाधान? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, त्यातलं एक माझ्या घरातच बसलंय.

चैत्रा : अक्का, हे खरं आहे?

नीलव्वा : खरं आहे. नळीच्या कडेनं थोडी हवा झिरपते. लाख लावून बुजवता येईल, पण पहिल्यांदा कळलं नव्हतं.

चैत्रा : म्हणजे नुकसान वाढलं. दोनाचे चार झाले. अक्का, मी काय लिहू? ह्या निधीचा सगळा हिशोबच नुकसान कमी करण्यावर आहे. नव्या उपायानं ते वाढत असेल, तर समिती पहिल्याच पानावर फुली मारेल.

नीलव्वा : त्या हनमव्वाचा मुलगा पेवात उतरून, ज्वारी भरून, परत वर आला. अर्ध्या तासात. ते लिहायला रकाना नाही का?

चैत्रा : माणसांसाठी वेगळा रकाना नाही. ‘इतर फायदे’ आहे, त्यात बसवता येईल. मला पटतंय, अक्का, खरंच. पण तिथंही पुरावा मागतात. ह्या गावात पेवात उतरून किती जण गेले?

नीलव्वा : माझी सासू होती तेव्हा सात मोजायची.

चैत्रा : आणि नोंदीत? पंचनामा, पंचायतीचा कागद?

नीलव्वा : एकही नाही. कुणाला चक्कर आली, कुणाचा पाय घसरला, असंच लिहिलेलं आहे सगळं. हवेचं कुणाच्याच कागदात नाही.

चैत्रा : अलीकडचं एखादं उदाहरण असेल तर बघा ना. घरच्यांनी लिहून दिलं तरी चालेल.

नीलव्वा : अलीकडचं म्हणजे माझा नवरा. बसवंत. ह्याच पेवात, तीन वर्षं झाली.

चैत्रा : अरे... अर्जात हे कुठंच नाही!

नीलव्वा : कसं लिहिणार? त्याच्या पंचनाम्यात ‘दारू पिऊन पडला’ असं आहे.

चैत्रा : मग... माफ करा, पण मग ते उदाहरण देता येणार नाही. समिती म्हणेल, दारूनं मेला, पेवानं नाही.

नीलव्वा : माहीत आहे मला. मी तेव्हा बहिणीच्या बाळंतपणाला माहेरी गेले होते. लग्नाच्या वर्षी यल्लम्माच्या पायरीवर हात ठेवून दारू सोडली होती त्यानं. सहा वर्षं शिवला नाही. अन् बायकोची पाठ फिरली, आठ दिवस निघाले नाहीत! तीन वर्षांत त्याच्या फोटोला एक फूल घातलेलं नाही मी. वर आला असता तर चार शिव्या तरी घातल्या असत्या. तेवढीही सोय ठेवली नाही त्यानं.

चैत्रा : तरी तुम्ही पंखा केलात.

नीलव्वा : प्यायलेला माणूससुद्धा वर यायला हवा ना, मॅडम?

(गाडीचा हॉर्न.)

चैत्रा : ड्रायव्हर घाई करतोय. अक्का, ज्वारी वर येतानाचा फोटो असला, तर मी निदान समितीसमोर बोलू शकेन. पंखा चालतो हे दिसेल तरी. नाहीतर नुसते आकडे उरतात, आणि ते तुमच्या विरुद्ध आहेत.

नीलव्वा : मामा, कंदील?

फकीरप्पा : ज्वारीपातूर जातोय. पर वात बारीक व्हतीय.

नीलव्वा : जळतोय ना? मग झालं. पदर खोचते, मीच उतरते. तुम्ही दोर धरा.

फकीरप्पा : न्हाई.

नीलव्वा : मामा, शनिवारी समिती आहे. चाळीस घरची माणसं उतरणार आहेत दिवाळीच्या आत. धरा दोर.

फकीरप्पा : मी न्हाई दोर धरनार.

नीलव्वा : का? वर्षभर पंख्याला नावं ठेवली. आज चालतोय म्हणून पोटात दुखतंय?

(परत हॉर्न.)

फकीरप्पा : त्या गाडीवाल्याला आधी गप करा! गप करा त्याला!

चैत्रा : अज्जा, काय झालं? बसा. पाणी देऊ?

फकीरप्पा : त्या दिवशीबी गाडी हुबी व्हती.

नीलव्वा : कुठली गाडी?

फकीरप्पा : अडत्याचा टेम्पो. धा पोती घ्यायला आलेला. भाव चांगला देत व्हता. फरशी काढून तास झाला नव्हता. बसवंत म्हनला, अप्पा, कंदील विझतोय, त्याला म्हनावं उद्या ये. आन् त्यो टेम्पोवाला हॉर्न वाजवत बसलेला. असाच.

नीलव्वा : मग?

फकीरप्पा : मी म्हनलो, बायको माहेरी गेली तर तूबी बायको झालास व्हय रे? उतर. दोन टोपल्या दे, तवर हवा येती.

नीलव्वा : मामा.

फकीरप्पा : दोर माझ्या हातात व्हता. एक टोपली वर आली. दुसरीला दोर सैल पडला. मी हाका मारल्या. माझा गुडगा असा, मला उतरता येईना. टेम्पोवाला पळाला. मानसं गोळा हुईस्तवर...

चैत्रा : आणि मग दारूचं कुठून आलं?

फकीरप्पा : हवालदारानं इचारलं, पीत हुता का? मी म्हनलो, आधी प्यायचा. आज प्याला हुता का? मी व्हय म्हनून मान हलवली. तेवढंच केलं बघा. मान हलवली. खरं सांगितलं असतं तर सगळ्या गावानं म्हनलं असतं, आज्याचा नेम जगाला शिकवतोय आन् पोटच्या पोराला धा पोत्यांपायी खाली घातलं.

चैत्रा : अक्का... तुमचा हात थांबलाय. मी फिरवू पंखा?

नीलव्वा : म्हणजे प्याला नव्हता?

फकीरप्पा : न्हाई.

नीलव्वा : थेंबभरही?

फकीरप्पा : सकाळी च्या प्यायला. तुला बघायला दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला जायचं म्हनून कापडं धुवून वाळत घातली व्हती. ती तशीच व्हती दोरीवर.

नीलव्वा : तीन वर्षं मी तुमच्या ताटात भाकरी वाढतेय. रोज दोन वेळा. एकदाही तोंडातून निघालं नाही?

फकीरप्पा : रोज येत व्हतं तोंडात. तू त्याला शिव्या घालायचीस, तवा तर लईच. पर तू निघून जाशील असं वाटलं. मग माझं कोन हाय?

नीलव्वा : अन् त्याचं कोण होतं? त्याची बाजू घ्यायला बापसुद्धा नाही, बायको शिव्या देतेय. सगळं गाव माझ्या तोंडावर म्हणायचं, चांगला होता गं, पण दारूनं घात केला. मी मान खाली घालायचे. त्याच्यासाठी मी मान खाली घातली, मामा!

फकीरप्पा : मार मला. चपलेनं मार.

नीलव्वा : तुम्हाला मारून काय करू? सरका बाजूला. मला बसू दे.

चैत्रा : मी ड्रायव्हरला गाडी बंद करायला सांगितलंय. आणि कुणी उतरायचं नाहीये. अक्का, ऐकताय ना? फोटो नको मला. दोन गावं उद्या करीन, नाहीतर परवा. पेवाला हवा तेवढा वेळ घेऊ दे.

नीलव्वा : शनिवारचं काय?

चैत्रा : नुकसान चार लिहीन, खरं आहे तेच. नळी बुजवल्यावर परत मोजू, असंही लिहीन. आणि ‘इतर फायदे’मध्ये... अज्जा, तुम्ही आत्ता जे सांगितलंत, ते कागदावर द्याल? तुमच्या नावानं? ह्या गावातली पहिली नोंद होईल ती. समितीला निदान ह्याचं उत्तर द्यावं लागेल. पण एकदा दिलंत की ते गावात कळणार. पोलिसांपर्यंतही जाईल कदाचित.

फकीरप्पा : जाऊ दे. अंगठा न्हाई, सही येती मला. द्या कागद.

चैत्रा : सावकाश. तुम्ही सांगा, मी लिहिते, मग वाचून दाखवते. नाव?

फकीरप्पा : फकीरप्पा मल्लप्पा हूगार. वय, धरा अडुसष्ट.

चैत्रा : आणि मुलाचं?

फकीरप्पा : बसवंत. बसवंत फकीरप्पा हूगार. एकतीस पुरं झालं नव्हतं.

चैत्रा : घटना कशी घडली ते सांगा. पेव उघडून किती वेळ झाला होता, कंदील किती खाली विझला, तिथून सुरुवात करू या? समिती तेच आधी बघेल.

नीलव्वा : मॅडम.

चैत्रा : हं, बोला अक्का.

नीलव्वा : तो प्याला नव्हता, ते आधी लिहा. पंख्याचं मग.