टक करून थांबणारी पिकअप

मंडळी, कामं टाकून मिस्त्रींच्या शोकसभेला आलासा, बरं केलंसा. मी गडमुडशिंगीचा बाळू, दूधगाडीवाला. भाषण करायची सवय न्हाय. पण बसाप्पा मिस्त्रींचं नाव निघालं की मला गप बसवत न्हाय.

माझी जुनी पिकअप तुमच्यातल्या निम्म्यांनी ढकललीया. व्हय का न्हाय? कधी झटक्यात चालू, कधी चावी मारली की नुसतं 'टक'. शिरोलीला मिस्त्रींच्या गॅरेजला नेली की मात्र पहिल्या चावीला चालू! त्यांनी सेल्फ, म्हंजे इंजिन चालू करणारी मोटर, खोलून नीट बसवला. दोन दिवसांनी परत टक. कॅनमधलं दूध नासलं. मी भर चौकात बोललो, "बसाप्पाला काय येत न्हाय, त्यानंच सेल्फ बिघडवला." त्यांची चार गिऱ्हाइकं तुटली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री डबा घेऊन माझ्या दारात! म्हणाले, "बाळू, चालती गाडी खोटं बोलत्या. बंद पडंल तवा मी शेजारी पायजे." तीन दिवस माझ्याबरोबर फिरले, मंडळी! स्वतःचं गॅरेज बंद ठेवून! तिसऱ्या दिवशी डेअरीच्या दारात टक. मी शिवी हासडली, मिस्त्री खूश! "हात लावू नगंस!" म्हणत खाली उडी. बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला एक जाड वायर टेकवली. "मार चावी!" आणि गाडी अशी गरजली, मंडळी, अशी गरजली! मिस्त्री रस्त्यावर नाचाय लागले. "घावलं! घावलं!" मी मिठीच मारली त्यास्नी.

मग खाली वाकून दाखवलं. बॅटरीची मायनसची, म्हंजे अर्थची, वायर गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, चासीला, बोल्टनं बसत्या, तिथं वायरीखाली निळा रंग. खंडेनवमीच्या पूजेला मीच हौसेनं गाडी रंगवलीती. वायर सोडून, खाली रंग मारून, परत बसवलीती. स्वतःच्या हातानं! त्या रंगामुळं करंट कधी जायचा, कधी न्हाय. मिस्त्रींनी चाकूनं रंग खरवडला, बोल्ट आवळला. पुढं कैक वर्षं गाडी एका चावीला चालू झाली.

लोकांनी विचारलं, काय झालतं? मिस्त्री म्हणाले, "वायर गंजलीती." आणि मी? मी व्हय म्हणून मान हलवली. माझी चूक त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितली न्हाय. तुटलेल्या गिऱ्हाइकांनाबी न्हाय.

वैनी, तुमच्या मालकांबद्दल आज चारचौघांत सांगतो. चौकात बोललो ते खोटं होतं. बिघाड माझ्या हातचा होता. हे मिस्त्री असताना बोलायला पायजे होतं की!

मंडळी, उठा. त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू.