ह्यांचं विसण

...वाफ आली की झालं? वाफ? अहो, वाफ तर ह्यांच्या अंघोळीच्या बादलीतूनही येते, मग ती बादली देऊ का लेकीला प्यायला? तुम्हाला सांगते, आमच्या बिबवेवाडीत रस्ता खोदताना पाइप फुटला, गटार थेट नळाला येऊन भेटलं, खालच्या मजल्यावरचे सलिलराव तीन दिवस सलाईनवर, आणि माझी निकिता सातव्या महिन्यात बाळंतपणाला आलेली! मी ठरवलं, पाणी उकळायचं म्हणजे उकळायचं!

पातेलं चढवलं. कपडे वाळत घालून येते तोवर आमच्या सीतारामरावांनी गॅस बंद! "अगं शालन, आली की वाफ. उगाच गॅस कशाला जाळायचा?" म्हटलं, चहाची उकळी बरी कळते तुम्हाला! खळखळून बुडबुडे हवेत, वर एक मिनिट! पुन्हा चढवलं. घड्याळ घेऊन समोर उभी राहिले. उकळलं, झाकलं, जिंकले... असं आपलं मला वाटलं.

दहा मिनिटांत निकिताच्या हातात पेला. "आई, बाबांनी दिलं. छान कोमट आहे." कोमट? एवढ्यात? ओठाला लागायच्या आत पेला हिसकावला. "अहो, हे कोमट कसं झालं?" तर हे अगदी शांतपणे, "पोरीला चटका बसेल, म्हणून थोडं विसण घातलं." विसण! अंघोळीच्या कढत पाण्यात ओततो ना आपण, ते! नळाचं गार! पोटातल्या बाळाला अंघोळ घालताय का?

मग तोंडच सुटलं माझं. नळाचं विसण घालायचं नाही, नाही, नाही! "बरं," म्हणाले. तिसऱ्यांदा, सगळ्यात मोठं पातेलं. कारण पाणी उकळायचं म्हणजे उकळायचं! चार तास गार केलं, वर ताट, ताटावर वरवंटा. निकिता पेलाभर प्यायली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी बघते, तर वरवंटा ओट्यावर आणि पातेलं रिकामं! हे बाथरूममधून टॉवेल गुंडाळून बाहेर, चेहरा काय टवटवीत! "तूच म्हणालीस ना, नळाचं विसण घालायचं नाही? म्हणून तुझं गार केलेलं घेतलं बादलीत."

चौथं पातेलं चढवलंय. पाणी उकळायचं म्हणजे... जाऊ दे. अख्ख्या सोसायटीत पिण्यालायक पाणी होतं तेवढंच, आणि ते गेलं ह्यांच्या पाठीवरून!